आत्मकथनाचा वाचक आणि लेखकाची भेट

पदव्युत्तर वर्गात कादंबरी शिकवीत असताना विद्यार्थी कादंबरीकाराविषयी क्वचितच काही विचारतात. आत्मकथन शिकवावयास घेतले की मात्र पहिल्या आठवड्यातच प्रश्न येतो : लेखक सध्या कोठे असतात? त्यांना विभागात बोलावता येईल का? या प्रश्नाकडे आपण अध्यापक मंडळी बहुधा भाबडे कुतूहल म्हणून पाहतो आणि 'संहितेकडे वळा' असे सांगून तो बाजूला सारतो. मलाही हे उत्तर अनेक वर्षे पुरेसे वाटत असे. आज तसे वाटत नाही. लेखकाला भेटण्याची इच्छा ही वाचकाची दुर्बलता नसून ती या वाङ्मयप्रकाराच्या स्वरूपातूनच उद्भवते. म्हणून ती नाकारण्यापेक्षा तिला शिस्त लावणे अगत्याचे आहे, असे मत येथे मांडावयाचे आहे.

फ्रेंच अभ्यासक फिलिप लजन यांनी 1975 मध्ये आत्मचरित्राची चर्चा लेखक आणि वाचक यांच्यातील एका कराराच्या रूपाने केली. मुखपृष्ठावर ज्याचे नाव आहे तोच निवेदक आणि तोच कथानायक, अशी हमी आत्मचरित्र देते. कादंबरी अशी हमी देत नाही. हमी देणारा माणूस जिवंत असेल, आपल्याच प्रदेशात राहत असेल, तर त्याला एकदा पाहावे असे वाचकाला वाटणे स्वाभाविक होय. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 1936 मध्ये लक्ष्मीबाई टिळक निवर्तल्या. आजच्या वाचकाला त्यांची भेट अशक्य आहे; तरीही पुस्तक मिटताना एखाद्या बाईंच्या घरी राहून आल्यासारखे वाटते. आत्मपर लेखनाचे आकर्षण या सहवासात आहे. प्रत्यक्ष भेटीची ओढ हा त्याच सहवासाचा पुढचा टप्पा.

मराठीला ही वाट अपरिचितही नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते चक्रधरांचा सहवास लाभलेल्या माणसांना गाठून, त्यांच्या आठवणी ऐकून. मराठी गद्याच्या आरंभीच आठवण सांगणारा आणि ती ऐकण्यासाठी त्याच्या दारी जाणारा असे दोघे उभे आहेत.

यावर संहितानिष्ठ समीक्षेचा आक्षेप ठाऊक आहे. लिहिणारा 'मी' आणि चारचौघांत वावरणारा 'मी' हे एक नव्हेत, असे मार्सेल प्रूस्त यांनी बजावले होते. हा आक्षेप मला बव्हंशी मान्य आहे. आणि त्याचा उत्तम प्रत्यय एका मराठी आत्मकथनातच येतो. 1978 साली प्रसिद्ध झालेल्या 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतात. दोन्ही नावे एकाच माणसाची. सुशिक्षित, नावलौकिक मिळविलेला लेखक आणि त्याच्या आत दडलेला गावकुसाबाहेरचा मुलगा यांची भेट हीच त्या पुस्तकाची रचना आहे. अशा लेखकाला आपण सभागृहात बोलावतो तेव्हा व्यासपीठावर कोण येतो, दगडू की दया पवार? हा प्रश्न 1996 मध्ये त्यांच्या निधनानंतर कोणालाच त्यांना विचारता येणार नाही. पण प्रत्येक आत्मकथनकाराच्या बाबतीत तो मनाशी धरून ठेवला पाहिजे. 1970 च्या 'सांगत्ये ऐका'मध्ये तर गुंता आणखी वाढतो. तेथे जीवन आणि वाणी हंसा वाडकरांची, शब्दांकन अरुण साधू यांचे. पुस्तकातल्या ज्या 'मी'ला भेटावयाचे तो दोघांच्या मधोमध कोठेतरी घडलेला आहे.

तथापि, पुस्तकातील 'मी' आणि समोरचा माणूस भिन्न आहेत, एवढ्यावरून भेट निरर्थक ठरत नाही. ती अवघड ठरते. ही अवघड गोष्ट आपण किती गैरपणे हाताळतो याचा एक अनुभव नमूद करणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात एका दलित आत्मकथनकारांशी वार्तालाप ठरला होता. सूत्रसंचालन माझ्याकडे होते. तासभर प्रश्न आले : हे खरोखर घडले का? असे अन्न तुम्ही प्रत्यक्ष खाल्ले का? ती बहीण आता काय करते? लेखक शांतपणे उत्तरे देत गेले. शेवटी त्यांनी एकच प्रतिप्रश्न केला. बालपणाची प्रकरणे बोलीत आहेत आणि शाळेपासून पुढे भाषा हळूहळू प्रमाण होत जाते, हे कोणाच्या ध्यानात आले का? सभागृह स्तब्ध झाले. मीही स्तब्ध झालो, कारण मीही ते विचारले नव्हते. त्याच वर्षी त्याच सभागृहात एका कादंबरीकारांना आम्ही निवेदनपद्धती, काळाची हाताळणी, प्रतिमा यांविषयी भरभरून विचारले होते. एकाला आम्ही कलावंत मानले, दुसऱ्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. या भेदाला वाङ्मयीन कारण नव्हते. जे कारण होते ते जातीचे होते, आणि ते आमच्या आदरातूनच व्यक्त होत होते, म्हणून आम्हांला दिसले नाही.

भेट कशी असावी याचेही उदाहरण आपल्यापुढे आहे. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' 1986 मध्ये पुस्तकरूपाने आले. माया पंडित यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 2008 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यासोबत त्यांनी घेतलेली बेबीताईंची मुलाखतही आहे. लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवल्याचे बेबीताई तेथे सांगतात. पुस्तकात स्वतःच्या संसारातील छळाविषयी त्या फारसे बोलत नाहीत. मुलाखतीत त्या तो मान्य करतात आणि सगळ्याच बायकांच्या वाट्याला जे आले त्यात आपले वेगळे काय सांगावयाचे, अशी आपली भूमिकाही स्पष्ट करतात. ही माहिती केवळ चरित्रात्मक नव्हे. त्या पुस्तकातील 'मी' वारंवार 'आम्ही' का होतो, याचा उलगडा तिच्यामुळे होतो. पुस्तकात जे लिहिले आहे ते पडताळण्याऐवजी जे लिहिले नाही त्याची वाट मुलाखतकर्तीने शोधली, म्हणून वाचक संहितेकडे अधिक समृद्ध होऊन परततो.

आणखी एक पथ्य सांगितले पाहिजे. आत्मकथनात लेखकाखेरीज इतर माणसे असतात आणि ती व्यासपीठावर आलेली नसतात. 'आहे मनोहर तरी' 1990 मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा पुष्कळ वाचकांनी ते सुनीता देशपांडे यांच्या आत्मशोधापेक्षा पु. ल. देशपांडे यांच्याविषयीच्या माहितीसाठी वाचले. एका बाईने स्वतःची घेतलेली कठोर झडती अशा वाचनात दुसऱ्याच्या चरित्राची तळटीप होऊन राहते. लेखकाला भेटताना आपण नेमके कोणाला शोधत आहोत, हे वाचकाने आधी स्वतःला विचारावे.

विभागांनी यातून काय घ्यावे? लेखकाला बोलावण्यापूर्वी पुस्तक वर्गात पूर्ण वाचलेले असावे. निदान निम्मे प्रश्न भाषा, निवड आणि वगळणूक यांविषयी असावेत. वेदनेचा प्रसंग पुन्हा सांगावयाचा की नाही, हा अधिकार लेखकाचा असावा. आणि संपूर्ण संभाषणाचे ध्वनिमुद्रण करून त्याची लेखी प्रत ग्रंथालयात ठेवावी. आपल्या विभागांत आजवर झालेल्या अशा कितीतरी भेटींतून हारतुऱ्यांची छायाचित्रे उरली, बोलणे उरले नाही. किशोर शांताबाई काळे 2007 मध्ये गेले, सुनीताबाई 2009 मध्ये, बेबीताई 2012 मध्ये, आनंद यादव 2016 मध्ये. विद्यार्थी यापुढेही विचारतीलच की लेखक कोठे असतात. तोवर ते हयात असतील तर त्यांच्याकडे जावे. मात्र त्यांचे पुस्तक आपण लक्षपूर्वक वाचले आहे, हे आपल्या पहिल्याच प्रश्नातून त्यांना कळावे.