खुंटीवरची किल्ली

दहावीचा शेवटचा पेपर झाला की मुलाला रिकामी दुपार खायला उठते. मग नजर जाते ती खुंटीवरच्या स्कूटरच्या किल्लीवर. ‘कोपऱ्यापर्यंतच तर जातोय!’ एवढ्यावर आई विरघळते. पण २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार विनापरवाना अल्पवयीनाच्या हाती गाडी दिल्यास पालकांना २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

किल्ली लपवून काय होणार? त्यापेक्षा त्याचे बँकेत खाते उघडावे. दहा वर्षांवरील मुलाला ते स्वतःच्या सहीने, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत चालवता येते. आठवड्याच्या भाजीचे पैसे त्यात भरावेत, बाजाराला सायकलवर त्यालाच पाठवावे. पहिल्यांदा नासके टोमॅटो येतील. येऊ देत. फक्त आईने मागोमाग पिशवी घेऊन निघू नये!