परग्रहीवरचे प्रेम आणि उत्तराची घाई

डिसेंबर सरत आला आणि नाताळच्या सुट्ट्या लागल्या की पडद्यावर एखादा परग्रही अवतरतो आणि पृथ्वीवरच्या कुणाच्या तरी प्रेमात पडतो. भारतीय प्रेक्षकांच्या चांगल्या परिचयाची अशी एक कथा १९ डिसेंबर २०१४ रोजी प्रदर्शित झाली. मूळ नागपूरच्या राजकुमार हिराणी यांच्या ‘पीके’मधला परग्रही माणसाच्याच रूपात येतो, हातात हात धरून भाषा शिकतो, जग्गूवर जीव जडवतो आणि ते न बोलताच आपल्या ग्रहाकडे परततो. जाताना त्याच्या सामानात तिच्या आवाजाच्या ध्वनिफिती असतात.

अशा कथेकडे विज्ञानाचे वाचक सहसा दोन प्रकारे पाहतात. काही जण हसतात: हे अशक्य आहे, सबब निरर्थक आहे. काही जण हळवे होतात: विश्व एवढे विशाल आहे, मग हे का घडू नये? दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या आहेत. या कथांतले प्रेम विज्ञानाला मुळीच परके नाही. विज्ञानाला परकी आहे ती उत्तराची घाई. हा भेद विद्यार्थ्यांच्या ध्यानी आला, तर सुट्टीतला हा करमणुकीचा विषय वैज्ञानिक दृष्टीचा उत्तम धडा ठरू शकतो.

प्रथम अशक्यतेचा विचार करू. त्यासाठी अवकाशात जाण्याची गरज नाही. बंगळुरूच्या दक्षिणेला होसूर रस्त्यावरील बोम्मसंद्रापर्यंत गेले तरी पुरे. ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोची पिवळी मार्गिका तिथवर पोहोचली आहे. या औद्योगिक वसाहतीत ‘बायोकॉन’ या जैवतंत्रज्ञान कंपनीचा मोठा परिसर आहे. पिचिया पास्टोरिस नावाच्या यीस्टकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेण्याचे तंत्र या कंपनीने विकसित केले आणि २००४ मध्ये ते इन्सुलिन भारतीय बाजारात आणले. मधुमेहाच्या असंख्य रुग्णांच्या दृष्टीने ही औषधाची गोष्ट आहे. जीवशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती नात्याची गोष्ट आहे.

मानवी इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे प्रथिन. २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या एकमेकींना जोडून ते बनते. त्याचा आराखडा जनुकाच्या रूपाने यीस्टच्या पेशीत बसवला, की ती पेशी तो वाचते आणि त्याबरहुकूम साखळी विणू लागते. माणसाच्या स्वादुपिंडात लिहिला गेलेला मजकूर एका बुरशीला वाचता येतो, कारण दोघांचा शब्दकोश एकच आहे. तीन-तीन अक्षरांचे ६४ शब्द आणि त्यांचे अर्थ, किरकोळ अपवाद वगळता, जिवाणूपासून वडाच्या झाडापर्यंत समान आहेत. पृथ्वीवरचे सगळे ज्ञात जीव एकाच प्राचीन पूर्वजाचे वंशज असल्याचा हा सर्वांत बळकट पुराव्यांपैकी एक आहे.

याचा अर्थ असा, की बोम्मसंद्राच्या टाकीत फसफसणारे यीस्ट हे माणसाचे दूरचे का होईना, पण भाऊबंद आहे. परग्रहीशी तेवढेही नाते असण्याचे कारण नाही. त्याच्या आनुवंशिकतेची लिपी वेगळी असेल, कदाचित तिचे रेणूही वेगळे असतील. पृथ्वीवरची प्रथिने जवळजवळ सर्वस्वी ‘डावखुऱ्या’ अमिनो आम्लांची बनतात. दुसरीकडे ती ‘उजवी’ असली, तर त्या ग्रहावरचे जेवण माणसाच्या पोटात जाऊनही अंगी लागणार नाही. उत्क्रांती एकाच अडचणीवर दोनदा सारखा तोडगा काढते, हे खरे. ऑक्टोपसचा डोळा आणि माणसाचा डोळा स्वतंत्रपणे घडले, तरी बरेच सारखे आहेत. पण डोळे सारखे असले म्हणून ऑक्टोपस माणसाच्या प्रेमात पडत नाही. पडद्यावरचा परग्रही प्रेमात पडू शकतो, याचे कारण तो परग्रही नसतोच. तो वेष पालटलेला माणूस असतो.

दुसरी अडचण अंतराची. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. तिथे ‘कशी आहेस?’ असे विचारले, तर उत्तर यायला साडेआठ वर्षे लागतील. हल्ली वारंवार बातम्यांत येणारा के२-१८बी हा ग्रह सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर आहे. तिथून आज एखादे उत्तर आले, तर त्याचा प्रश्न सवाई माधवरावांच्या काळात, शनिवारवाड्यावर नाना फडणवीसांचा शब्द चालत असताना पाठवलेला असायला हवा. विचारणारा गेला, त्याचे राज्य गेले, त्याने ज्या लिपीत प्रश्न लिहिला ती मोडीही व्यवहारातून गेली. आणि मग उत्तर आले. असा पत्रव्यवहार पिढ्यांमध्ये होऊ शकतो, दोन व्यक्तींमध्ये नाही.

इथे कथा संपायला हवी होती. पण विज्ञानाच्या इतिहासात नाताळची सुट्टी, परग्रही आणि प्रेम या तिन्ही गोष्टी एकदा खरोखरच एकत्र आल्या होत्या.

१९६७ साली केंब्रिजजवळ जोसलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी अँटनी ह्यूइश यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी करत होती. दोन हजारांहून अधिक द्विध्रुवांची रेडिओ दुर्बीण उभारण्यात तिचेही हात राबले होते. दुर्बिणीचा आलेख कागदावर उमटत असे, रोज सुमारे ३० मीटर. आणि ती तो डोळ्यांनी तपासत असे. त्या कागदावर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची एक खडबडीत खूण तिला पुन्हा पुन्हा दिसू लागली. नोव्हेंबरच्या अखेरीस वेगाने नोंद घेतल्यावर कळले, की ती खूण म्हणजे दर १.३४ सेकंदांनी येणारे नियमित स्पंद आहेत. संकेत ताऱ्यांच्या घड्याळानुसार, म्हणजे रोज चार मिनिटे आधी येत होता. तेव्हा तो पृथ्वीवरचा नव्हे, हेही स्पष्ट झाले. थट्टेत आणि थोड्याशा धास्तीने त्याला नाव पडले एलजीएम-१. एलजीएम म्हणजे ‘छोटे हिरवे मानव’.

यानंतर त्या चमूने जे केले, ते प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे आहे. त्यांनी वर्तमानपत्रांना दूरध्वनी केला नाही. आधी उपकरणातला दोष शोधला. दुसऱ्या दुर्बिणीने तोच संकेत टिपून पाहिला. संकेत धाडणारे एखाद्या ग्रहावर राहत असतील, तर तो ग्रह आपल्या सूर्याभोवती फिरत असणार आणि त्या गतीमुळे स्पंदांच्या अंतरात बारीक चढउतार दिसणार. म्हणून ह्यूइश यांनी तोही हिशेब मांडला. त्यात पृथ्वीच्या स्वतःच्या भ्रमणाचा परिणाम दिसला, दुसऱ्या कोणत्याही ग्रहाचा दिसला नाही.

२१ डिसेंबरला बेल सुट्टीसाठी घरी निघण्याच्या तयारीत होती. त्या संध्याकाळी आकाशाच्या अगदी वेगळ्या भागाच्या आलेखावर तिला तशीच खूण दिसली. पहाटे दोनच्या सुमारास, कडाक्याच्या थंडीत, ती वेधशाळेत पोहोचली. थंडीने यंत्रणा नीट चालेना. चालली ती जेमतेम पाच मिनिटे. पण ती पाच मिनिटे नेमकी वेळेवर मिळाली. कागदावर पुन्हा स्पंद उमटले, या वेळी सुमारे १.२ सेकंदांच्या अंतराने. विश्वाच्या दोन टोकांच्या दोन वेगवेगळ्या ‘हिरव्या मानवांनी’ एकाच वेळी, जवळपास एकाच पद्धतीने, एकाच सामान्य ग्रहाला हाक मारावी, हे संभवत नव्हते. परग्रहींची कल्पना तिथेच मावळली. सुट्टीहून परतल्यावर तिला आणखी दोन स्रोत सापडले. दुसरा आणि तिसरा स्पंदक सापडण्याच्या मधल्या काळात जोसलिन बेल यांचा विवाहही ठरला. परग्रहीने हाक मारली नव्हती. हाक मारली होती ती वेगाने गरगरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांनी. फेब्रुवारी १९६८ मध्ये ‘नेचर’मध्ये शोधनिबंध आला. १९७४ चे नोबेल पारितोषिक ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना मिळाले, बेल यांना नाही. त्या अन्यायाची चर्चा आजही होते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जी महाकाय दुर्बीण उभी आहे, ती त्याच स्पंदकांचे ठोके आजही मोजते.

आता प्रश्न असा: परग्रही नव्हते हे सिद्ध झाल्याने त्या हिवाळ्यात काही हरवले का? काहीच हरवले नाही. हाती आले ते कल्पनेहून अद्भुत होते. साऱ्या सूर्याहून जड, पण एखाद्या शहराएवढ्या आकाराचा तारा! हे हाती आले, कारण जिच्या कागदावर ती हाक उमटली होती, तिनेच तिच्यावर सर्वांत आधी संशय घेतला. प्रेमात पडलेला माणूस प्रत्येक आवाजात आपलेच नाव ऐकतो. शास्त्रज्ञही माणूसच असतो, त्यालाही ते ऐकू येते. फक्त ऐकू आल्यावर तो दार उघडण्याआधी पुन्हा एकदा कान देतो.

एप्रिल २०२५ मध्ये हीच कसोटी पुन्हा आली, आणि तीही केंब्रिजमध्येच. मूळ भारतीय असलेले निक्कू मधुसूदन आणि सहकाऱ्यांनी वेब दुर्बिणीच्या साहाय्याने के२-१८बीच्या वातावरणात डायमिथिल सल्फाइड किंवा तत्सम रेणूच्या खुणा दिसल्याचे मांडले. पृथ्वीवर हा रेणू प्रामुख्याने सागरी सूक्ष्मजीव निर्माण करतात. निष्कर्षाची पातळी ‘तीन सिग्मा’ होती, म्हणजे निव्वळ योगायोगाने असे दिसण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के. शोधासाठी रूढ मानदंड आहे पाच सिग्मा. अधिक निरीक्षणे हवीत, असे खुद्द संशोधकांनीच म्हटले होते. इतर गटांनी तीच आकडेवारी तपासली तेव्हा त्यांना पुरावा अपुरा वाटला. शिवाय हा रेणू ६७पी या निर्जीव धूमकेतूवरही आढळला आहे. पण समाजमाध्यमांवर ‘जीवसृष्टी सापडली’ हे चार-पाच दिवसांत घरोघरी पोहोचले होते. नंतरचे ‘परंतु’ तितके दूर गेले नाहीत.

हानी इथे होते. असे मथळे वर्षातून तीनदा वाचणारा विद्यार्थी अखेर दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर तो सगळ्यावर विश्वास ठेवतो, किंवा विज्ञानालाच थापाड्या समजू लागतो. पहिला भोळा होतो, दुसरा कडवट. आशेला पुरावा समजू नये, हे त्याला शिकवायला हवेच; पण आशा बाळगणे अवैज्ञानिक आहे, असे शिकवले जाऊ नये. आशा नसती, तर ३० मीटर कागदावरची अर्ध्या सेंटिमीटरची खूण कुणी पाहिलीच नसती.

उत्तराची घाई न करता प्रेम करता येते, याचाही दाखला अवकाशात आहे. १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर एकेक सुवर्ण तबकडी आहे. तिच्यावर ५५ भाषांतले अभिवादन आहे; त्यात मराठीतला ‘नमस्कार’ही आहे. गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१ निघाले आणि ११ दिवसांनी, १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले. त्याच तबकडीवर ॲन ड्रुयान यांच्या मेंदूच्या लहरींची नोंदही आहे. ती घेतली जाण्याच्या दोनच दिवस आधी त्यांनी आणि कार्ल सेगन यांनी दूरध्वनीवर विवाहाचा निर्णय घेतला होता, आणि नोंद चालू असताना मनात जे विचार होते त्यात ते प्रेमही होते, असे ड्रुयान यांनी सांगितले आहे. पीके ध्वनिफिती घेऊन गेला, त्याच्या ३७ वर्षे आधी माणसाने हे प्रत्यक्षात केले होते.

सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जाणारे व्हॉयेजर-१ कोणत्याही ताऱ्याच्या दिशेने मुद्दाम सोडलेले नाही. सुमारे ४०,००० वर्षांनी ते एका ताऱ्यापासून दीडएक प्रकाशवर्षावरून जाईल. तिथे कुणी असेलच असे नाही, असले तर ऐकेलच असे नाही, आणि ऐकले तरी उत्तर घ्यायला पाठवणारे नसतील. हे सारे ठाऊक असूनही माणसांनी ती तबकडी काळजीपूर्वक घडवली.

मानव आणि परग्रही यांच्यातली खरी प्रेमकथा ती हीच, आतापर्यंत एकतर्फी. सुट्टीतले चित्रपट जरूर पाहावेत, दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथा आवडीने वाचाव्यात. मात्र पुढच्या वेळी ‘परग्रहींचा संकेत मिळाला’ असा मथळा दिसला, की पुढे पाठवण्याआधी विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत: दुसऱ्या दुर्बिणीने तो पाहिला आहे का, जीवसृष्टीवाचून तो कशाने उद्भवू शकतो, आणि चूक असल्यास ती कशी उघड होईल? १९६७ च्या त्या थंड पहाटे एक विद्यार्थिनी याच प्रश्नांची उत्तरे शोधायला निघाली होती, आणि त्यानंतरच ती सुट्टीला घरी गेली.