शिफारसपत्र कोणाचे धाडावे?

वाशीतील आमच्या एका स्नेह्यांचा अमेरिकेत वाढलेला नातू तेथील वैद्यकीय विद्यालयांकडे दुसऱ्यांदा अर्ज करीत आहे. आपल्याकडे ‘नीट’च्या गुणांवर प्रवेश ठरतो, तेथे शिफारसपत्रेही लागतात. घरच्या वडीलधाऱ्यांचा आग्रह एका नामांकित शल्यवैद्याच्या पत्राचा. मुलाने ज्यांच्या हाताखाली वर्षभर रुग्णसेवा केली, त्या डॉक्टरीणबाईंचे नाव मात्र कोणी काढीना! आमच्या मते पत्र बाईंचेच धाडावे. १८७८ मध्ये गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणार्थ एका मिशनऱ्याचे साहाय्य मागितले, तेथे काम झाले नाही. पुढे १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या विद्यालयास स्वतःच पत्र लिहून आपली तयारी व हेतू निवेदन केला, आणि प्रवेश मिळविला. गतवर्षीच्या जुन्या पत्रांत या वर्षीच्या कामाचा उल्लेख कोठून असणार? ती त्याच गुरुजनांकडून नव्याने लिहवून घ्यावीत.