चालती पेढी घेताना

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक जुना विषय नव्याने निघाला. शेजारच्या जिल्ह्यातील एक चालते कापड दुकान, मालासह आणि उधारीसह, विक्रीस आले आहे. मालक वयस्क, मुले परदेशी स्थायिक. माझ्या मुलाने ताळेबंद पाहिला, पुतण्याने जागा पाहिली आणि मनाशी होकार ठरवूनच दोघांनी कागद माझ्यापुढे ठेवले. मी ते चाळत असता पुतण्या एकाएकी हसला व म्हणाला, "काका, आपलं ब्लॅकबर्न तर होणार नाही ना?" मुलाला त्यातले काही उमगले नाही. मला उमगले.

हा पुतण्या 2011 साली मँचेस्टरला शिकावयास होता. तेथून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर ब्लॅकबर्न नावाचे गाव आहे आणि गावात 1875 साली स्थापन झालेला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब. त्या क्लबचे मालक आपल्या पुण्याचे आहेत असे कळल्यावर हा मुलगा कौतुकाने सामने पाहू लागला, अर्धा निळा व अर्धा पांढरा असा तो सदराही त्याने घेतला. पुढचे वर्षभर दर रविवारी फोनवर खुशालीआधी मला त्या क्लबची खुशाली ऐकावी लागे. फुटबॉल मला तेव्हाही फारसा कळत नव्हता. पण मालक बदललेल्या दुकानाचे काय होते हे मला कळते. का कळते, ते पुढे सांगेन.

ब्लॅकबर्न हे नाव आपणा व्यापाऱ्यांना परके नसावे. लँकेशायरमधील हे गाव मागावर उभे राहिले आणि त्या मागांचे मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थान होते. आमचे आजोबा विलायती धोतरजोडीला सरसकट 'मँचेस्टरचा माल' म्हणत. परंतु मँचेस्टर ही बाजारपेठ, धोतरे विणली जात ती ब्लॅकबर्न आणि त्याच्या आसपासच्या गावांत. पहिल्या महायुद्धानंतर आपल्या गिरण्या वाढल्या, जपानी माल आला, पुढे स्वदेशीची चळवळ आली आणि तेथील गिरण्यांची धुराडी एकेक करून थंडावली. सप्टेंबर 1931 मध्ये गांधीजी ब्लॅकबर्नला लागूनच असलेल्या डार्वेन गावी गेले होते. बहिष्काराने ज्यांचा रोजगार गेला त्या कामगारांनीच त्यांचे प्रेमाने स्वागत केले. गिरणीतील स्त्रियांच्या घोळक्यात हसत उभे असलेले गांधीजी अनेक वाचकांनी छायाचित्रात पाहिले असतील.

अशा गावाला कापड गेल्यावर अभिमानाची म्हणून जी गोष्ट उरली, ती म्हणजे क्लब. 1888 साली इंग्लंडमध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापकांपैकी तो एक. गावातलेच पोलादाचे व्यापारी जॅक वॉकर यांनी आपली कंपनी सुमारे 33 कोटी पौंडांना विकली आणि त्यातला मोठा पैसा या क्लबात घातला. 1995 साली, तब्बल 81 वर्षांनी, क्लब पुन्हा विजेता झाला. वॉकर 2000 साली वारले. त्यांच्या कुटुंबाच्या विश्वस्त निधीने काही वर्षे क्लब सांभाळला, पण पूर्वीसारखा पैसा ओतण्याची त्यांची तयारी नव्हती. ते गिऱ्हाईक शोधत होते. नोव्हेंबर 2010 मध्ये ते मिळाले. पुण्याच्या व्यंकीज समूहाने, म्हणजे अनुराधा देसाई व त्यांच्या दोन बंधूंनी, 2 कोटी 30 लाख पौंडांना क्लब घेतला आणि वर क्लबचे कर्जही अंगावर घेतले. त्यांचा मूळ व्यवसाय कुक्कुटपालनाचा. त्याविषयी आपल्या घरांतून जे मत आहे ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

खरेदीला महिना उलटण्याच्या आतच, 13 डिसेंबर 2010 रोजी, नव्या मालकांनी व्यवस्थापक सॅम अलरडाइस यांना काढले. त्या वेळी संघ वीसांत तेरावा होता. अलरडाइस यांचा खेळ देखणा नव्हता, हे त्यांचे चाहतेही मान्य करीत. पण थोड्या भांडवलात संघ वरच्या श्रेणीत टिकवून कसा ठेवावा, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांच्या जागी त्यांचेच सहायक स्टीव्ह कीन आले, ज्यांनी तोवर कोठेही मुख्य व्यवस्थापक म्हणून काम केले नव्हते. फेब्रुवारीत अध्यक्ष जॉन विल्यम्स गेले. इतकी वर्षे ज्यांच्या हातात किल्ल्या होत्या ती माणसे वर्षाच्या आत पांगली. तो हंगाम कसाबसा निभावला. शेवटच्या दिवशी वुल्व्हरहॅम्प्टनला 3-2 ने हरवून संघ पंधरावा राहिला. निभावले की माणसाला वाटते, आपले बरोबरच होते.

मग आला 2011-12 चा हंगाम. उन्हाळ्यात फिल जोन्स हा एकोणीस वर्षांचा बचावपटू मँचेस्टर युनायटेडला विकला गेला आणि एव्हर्टनकडून याकुबू हा नायजेरियन आघाडीपटू आला. पहिले तिन्ही सामने हरले. तिसऱ्या सामन्यात, एव्हर्टनविरुद्ध, संघाला दोन पेनल्टी मिळाल्या. दोन्ही वाया गेल्या आणि वाढीव वेळेत एव्हर्टनने आपली एक पेनल्टी साधून सामना नेला. पुतण्या त्या दिवशी फोनवर बोललाच नाही. पुढे आर्सेनलला 4-3 ने हरवल्यावर मात्र तासभर बोलला. ऑक्टोबरात संघ पुण्यात येऊन बालेवाडीच्या मैदानावर पुणे एफसीशी मैत्रीचा सामना खेळून गेला. हंगाम ऐन भरात असता एवढा प्रवास कशाला, असे तिकडे लोक कुरकुरत होते. मालक पुण्यात, क्लब लँकेशायरात, आणि सल्लामसलतीला व्यवस्थापकाने विमानाने यायचे, अशी ती व्यवस्था होती.

हंगामाचा हिशेब मी पुतण्याकडून एकदा कागदावर मागून घेतला. तो कागद माझ्या खणात अजून आहे. 38 सामने, 8 जिंकले, 7 बरोबरीत, 23 हरले. गुण 31. सतराव्या स्थानावर वाचलेल्या क्वीन्स पार्क रेंजर्सचे गुण 37. म्हणजे तूट सहाची. आता व्यापारी नजरेने पाहा. या संघाने 48 गोल केले. आठव्या स्थानावरच्या लिव्हरपूलने 47. एकट्या याकुबूचे 17. विक्री उत्तम होती! गेले ते गळतीत. 78 गोल स्वीकारले. याहून अधिक फक्त तळाच्या वुल्व्हरहॅम्प्टनचे. पहिल्या सत्तावीस सामन्यांत एकही सामना असा नाही की ज्यात या संघाने गोल खाल्ला नाही. मार्चमध्ये पहिल्यांदा पाटी कोरी राहिली, आणि साऱ्या हंगामात अशी वेळ तीनदाच आली. तिन्ही वेळा सामना 2-0 ने जिंकला. नॉर्विचविरुद्ध 3-1 अशी आघाडी असता शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल देऊन गुण घालवले, तो सामना पुतण्या अजून विसरलेला नाही.

31 डिसेंबरचा दिवस मात्र निराळा. संघ तळाला होता. दहा-अकरा दिवसांपूर्वी घरच्या मैदानावर बोल्टनकडून हरताना प्रेक्षकांनी कीन यांच्या विरोधात इतका गलका केला होता की ऐकवत नव्हते. आणि सामना कोठे, तर ओल्ड ट्रॅफर्डवर, मँचेस्टर युनायटेडशी, सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांच्या सत्तराव्या वाढदिवशी. कोणी आशा धरली नव्हती. याकुबूने दोन गोल केले, युनायटेडने दोन फेडले, आणि ग्रँट हॅन्ली या कोवळ्या बचावपटूने उशिरा तिसरा केला. 3-2! त्या वर्षी युनायटेड आणि मँचेस्टर सिटी यांचे गुण सारखेच झाले व केवळ गोलफरकाने विजेतेपद सिटीला गेले. म्हणजे बुडत्या ब्लॅकबर्नने त्या दिवशी इंग्लंडचे विजेतेपद फिरवले. स्वतःला मात्र त्यांना वाचवता आले नाही.

फेब्रुवारीत ख्रिस्तोफर सांबा, बचावाचा कणाच म्हणावा असा खेळाडू, रशियातील अंझीला गेला. त्याच महिन्यात आर्सेनलने 7-1 ने धुतले. मार्चमध्ये लागोपाठ दोन विजय मिळाले आणि वाटले, तरले. मग सलग पाच पराभव. 7 मे 2012 रोजी, भर पावसात, घरच्या ईवूड पार्कवर विगनशी सामना होता. हरले तर संपले. खेळ सुरू झाल्यावर कोणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली एक कोंबडी मैदानात सोडली. जगभर ती चित्रे हसत हसत पाहिली गेली. मला तो प्रकार रुचला नाही. एक तर त्या मुक्या जिवाचा काय अपराध, आणि दुसरे म्हणजे मालकांवरचा राग काढताना आपल्याच झेंड्याची शोभा झाली. सामना शून्य-शून्यवर चालला होता. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नरवरून विगनच्या अल्कारासने डोक्याने चेंडू आत घातला. अकरा वर्षांनी क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला.

त्या रात्री पुतण्याचा फोन आला तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. म्हणाला, "काका, शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा रडत होते. मला म्हणाले, तू इंडियाचा का? मला हो म्हणायला लाज वाटली." मग क्षणभर थांबून, "पण त्यांनी त्यांच्या थर्मासमधला चहा दिला मला."

मालकांविषयी न्यायाने बोलायचे तर त्यांनी क्लब टाकून पळ काढला नाही. वर्षानुवर्षे त्यांनी पदरचा पैसा भरला. लहान गावाचा क्लब वरच्या श्रेणीत टिकवणे तेथील भल्याभल्यांना जमलेले नाही. 2017 साली संघ आणखी एक पायरी उतरला, तोही केवळ गोलफरकाने, आणि टोनी मोब्रे यांच्या हाताखाली पुढच्याच वर्षी ती पायरी पुन्हा चढला. नियत वाईट होती असे मला कधीच वाटले नाही. त्यांनी चूक केली ती पहिल्या महिन्यात.

मी हे इतक्या खात्रीने लिहितो, कारण ती चूक मी केली आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही तालुक्याच्या गावी एक चालते दुकान घेतले. वडिलांनी एवढेच सांगितले होते, "मुनीमजींना हलवू नकोस." त्या मुनीमजींची तेथे बावीस वर्षे झाली होती. मला त्यांची संथ चाल खुपे. पाच मिनिटांच्या कामाला ते अर्धा तास बोलत. पहिल्या दिवाळीला वहीपूजन झाले आणि मी त्यांना हात जोडून निरोप दिला. जागेवर माझे मेहुणे बसवले. चलाख, हिशेबाला पक्के. विक्री वाढली. वडील गप्प होते. उधारी कोणाला किती द्यायची, कोणाचे शेत यंदा गेले, कोणाच्या मुलीचे लग्न आहे म्हणून पैसे चैत्रात येतील, हे सारे त्या अर्ध्या तासाच्या बोलण्यात होते, खातेवहीत नव्हते. तिसऱ्या दिवाळीला आम्ही दुकान तोट्यात विकले. मुनीमजी नंतर एका लग्नात भेटले. त्यांनी माझ्या मुलाच्या शिक्षणाची चौकशी केली, दुकानाचा विषय काढला नाही. तो त्यांनी काढला असता तर बरे झाले असते.

मुलाला हे काही ठाऊक नव्हते. त्या वेळी तो पाचवीत होता. त्या संध्याकाळी मी दोघांनाही सांगितले. मग ताळेबंद बाजूला ठेवून विचारले, "त्या दुकानात गादीवर कोण बसतं? मालक सोडून." दोघे एकमेकांकडे पाहू लागले. पुतण्याला आठवले, कोपऱ्यात चष्मा लावलेले एक गृहस्थ होते, त्यांनीच चहा मागवला होता. नाव विचारायचे राहून गेले.

सोमवारी दोघे पुन्हा जात आहेत. या खेपेला मीही सोबत जाणार आहे.