कर्ण, अकिलीस, हेक्टर : जमा किती, नावे किती?

पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत आमच्या तरुण मंडळींचा वाद रंगला की तो हटकून कर्णावर येतो. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' 1967 साली आली आणि तिने कर्णाला मराठी घराघरात नेले. पुढे 1988 ते 1990 या काळात दूरदर्शनच्या 'महाभारत' मालिकेने उरलेले काम पुरे केले. अंगी गुण असून ज्याचे कूळ विचारले गेले, तो माणूस कष्टकरी बांधवांना आपला वाटावा यात नवल ते काय? शस्त्रविद्येच्या मैदानात भीमाने त्याला, तू आपला चाबूकच हाती घे, असा टोमणा मारला. असले टोमणे आपल्यापैकी कित्येकांनी कारखान्याच्या गेटवर आणि कचेरीच्या टेबलापाशी ऐकलेले आहेत.

पण आपला वाटला म्हणून त्याचा हिशेब तपासायचाच नाही काय? आम्ही पडलो कॉमर्सचे विद्यार्थी. जमेची बाजू पाहिली की नावेची बाजू पाहावी लागते. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये हेच केले. महाभारतातील माणसे देव्हाऱ्यातून उतरवून त्यांनी माणसे म्हणून पारखली. 1968 साली त्या पुस्तकास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वाचनालयात असेल तर ते जरूर वाचावे.

कर्णाच्या जमेला मोठी रक्कम आहे. युद्धापूर्वी कृष्णाने त्याला जन्माचे खरे सांगितले, राज्य देऊ केले. त्याने ते नाकारले. ज्या अधिरथ-राधेने वाढवले तेच आपले आईबाप, असे तो म्हणाला. आता नावेची बाजू. भीष्माने त्याला अर्धरथी म्हटले, म्हणून भीष्म सेनापती असेतोवर मी लढणार नाही, असे म्हणून तो बाजूला बसला. दहा दिवस युद्ध चालले आणि त्याचा मित्र दुर्योधन त्याच्यावाचून लढत राहिला.

ग्रीक लोकांच्या 'इलियड' या महाकाव्यात नेमके हेच घडते. हे काव्य सुमारे 2700 वर्षांपूर्वीचे, होमरच्या नावावर असलेले. राजा अ‍ॅगामेम्नॉनने अकिलीसचा सर्वांसमक्ष अपमान केला. अकिलीस रुसून तंबूत बसला. अपमान खराच होता, कर्णाचाही खराच होता. पण मेले कोण? साधे शिपाई मेले. शेवटी अकिलीसचा जिवलग पॅट्रोक्लस मारला गेला, तेव्हा हा वीर उठला. त्याने हेक्टरला मारून त्याचे प्रेत रथामागे फरफटत नेले. मात्र हेक्टरचा म्हातारा बाप रात्री एकटा शत्रूच्या छावणीत आला, तेव्हा अकिलीस त्याच्याबरोबर रडला आणि त्याने प्रेत परत दिले. एकाच माणसाच्या खात्यात या दोन्ही नोंदी आहेत.

आम्हाला स्वतःला हेक्टर अधिक जवळचा वाटतो. तो पराभूत बाजूचा, बायकामुलांचा माणूस. लढाईला निघताना त्याच्या शिरस्त्राणावरचा तुरा पाहून तान्हे मूल भ्याले, तर त्याने शिरस्त्राण काढून खाली ठेवले आणि मग मुलाला उचलले. परंतु त्याचाही एक दोष नडला. सैन्य रातोरात तटाच्या आत घे, असा शहाणा सल्ला पॉलिडॅमसने दिला होता. हेक्टरने तो झिडकारला. दुसऱ्या दिवशी माणसे पडली, आणि आता लोकांना तोंड कसे दाखवू या लाजेपायी तो तटाबाहेर एकटा उभा राहिला. घरच्या चार माणसांत 'माझे चुकले' म्हणण्यापेक्षा मरण सोपे वाटावे, हा दोष आपल्या पुढाऱ्यांतही दिसतो, नाही का?

पुढाऱ्यांवरून आठवले. 1943 साली पुण्यात रानड्यांवरील व्याख्यानात बाबासाहेबांनी सांगितले होते की, थोर माणसाबद्दल आदर वाटणे निराळे आणि त्याच्यापुढे आपली बुद्धी गहाण टाकणे निराळे. कर्णाचे भक्त द्यूतसभेचे पान गाळून वाचतात. त्या सभेत धृतराष्ट्राचा एक धाकटा मुलगा विकर्ण उभा राहिला आणि हा अन्याय आहे असे बोलला. त्याला गप्प बसवणारा कर्ण होता. द्रौपदीची वस्त्रे काढून घे असे दुःशासनाला सांगणाराही कर्णच. ज्याने अपमान सोसला त्याने दुसऱ्याचा करावा, ही नोंद आम्हाला कोणत्याही दानाने फेडता आलेली नाही.

ग्रीकांकडेही असा एक विकर्ण आहे. थर्सायटीझ नावाचा शिपाई भर सभेत राजाला लोभी म्हणाला. अकिलीस जे बोलला होता जवळपास तेच! पण ओडिसियसने त्याला राजदंडाने बडवले आणि सगळे हसले. कवीनेही त्याला फेंगडा, कुबडा रंगवला आहे.

हा ओडिसियस युक्तीबाज, चिवट, वीस वर्षांनी घरी पोचणारा. शाळेच्या पुस्तकात त्याच्या युक्त्याच येतात. आमच्या माता-भगिनींनी मात्र 'ओडिसी'चा बाविसावा सर्ग ऐकावा. घरात घुसलेल्या पुंडांना मारल्यावर त्याने बारा दासींकडून रक्त धुऊन घेतले, टेबलखुर्च्या पुसून घेतल्या. मग त्याच्या हुकुमावरून मुलाने त्यांना एका दोराला ओळीने फाशी दिले. गुन्हा काय, तर त्या पुंडांशी त्यांचे संबंध होते. दासीला नाही म्हणण्याची सोय किती होती, हे तिथे कुणी विचारत नाही. त्या प्रसंगात बारा जणींपैकी एकीचेही नाव दिलेले नाही.

एकलव्याचे खाते राहिले. ते पुढील अंकी.