चांगभलं कुणाचं?

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर जाऊन आलेला माणूस पुढचे आठ दिवस ओळखू येतो. कितीही घासून अंघोळ केली तरी कानाच्या पाळीमागं, नखांच्या कडेला, चपलेच्या शिवणीत गुलाल राहतोच. त्या दिवशी डोंगरावर पायऱ्या, दीपमाळा, शिखरं आणि माणसं सगळी एकाच रंगाची होतात. वरून खोबऱ्याचे तुकडे अंगावर पडत असतात, दवण्याचा वास नाकात भरलेला असतो, हलगी आणि कैताळ छातीत वाजत असतात, आणि त्या गर्दीतून सासनकाठ्या नाचत पुढं सरकतात. तीस-पस्तीस फुटांचा तो बांबू एका माणसाच्या अंगावर तोललेला दिसतो, पण खरं तर तो चारी बाजूंनी दोर ताणून धरणाऱ्यांच्या हातात असतो. त्यातल्या एकानं दोर ढिला सोडला की काठी कलते. मग कुठून तरी अनोळखी हात येतो, दोर धरतो, काठी पुन्हा सरळ होते. तो हात कुणाचा हे कुणी विचारत नाही.

मी सात-आठ वर्षांचा असताना आजीनं मला पहिल्यांदा डोंगरावर नेलं. लाखोंच्या तोंडून एकदम ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ उठलं आणि मीही मान वर करून, डोळे मिटून ओरडलो. आजीनं दंड धरून हलवलं. म्हणाली, “आभाळाकडं बघून काय वरडतोस? खाली बघ आधी. कुनाच्या पायावर उभा हाईस बघ.” मी खरंच एका म्हाताऱ्या बाईच्या पायावर उभा होतो. ती काही बोलली नव्हती. गर्दीत असं चालायचंच, असं तिनं धरलं असावं.

या दिवाळी अंकाची जुळवाजुळव करताना तो प्रसंग मनातून हलला नाही. यंदा आम्ही आमच्या लेखकांना एकच प्रश्न पाठवला होता : चांगलं जगणं म्हणजे काय? प्रश्न जगाइतका जुना आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला आपण बहुतेक वेळा फार लांब जातो. आपल्या भाषेनं मात्र तो एका आरोळीत बांधून ठेवला आहे. चांगभलं. चांगलं आणि भलं, दोन्ही एकदम. पण कुणाचं?

जोतिबाच्या डोंगरावरचं, म्हणजे वाडी रत्नागिरीवरचं, आजचं मुख्य मंदिर राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलं. ‘कुणाचं?’ हाच प्रश्न विचारणारा एक माणूस त्यानंतर सात वर्षांनी, फार लांब जन्मला. १७३७ मध्ये, इंग्लंडातल्या थेटफर्ड गावी बायकांच्या कॉर्सेट शिवणाऱ्या एका कारागिराच्या घरी मुलगा जन्मला. त्याचं नाव थॉमस पेन. बापाचाच धंदा शिकला, त्यात जम बसला नाही, आणखी दोन-तीन उद्योग करून पाहिले, आणि सदतिसाव्या वर्षी अमेरिकेला गेला. तिथं वर्ष-सव्वा वर्षात, जानेवारी १७७६ मध्ये, त्यानं ‘कॉमन सेन्स’ नावाची पुस्तिका काढली. राजा हा जन्मानं राजा कसा होतो, एवढा साधा प्रश्न त्यानं कारागिराच्या भाषेत विचारला, आणि एका खंडाचा इतिहास बदलायला हातभार लावला. पुढं १७९१ आणि १७९२ मध्ये ‘राइट्स ऑफ मॅन’चे दोन भाग आले. त्याबद्दल इंग्लंडात त्याच्या गैरहजेरीत राजद्रोहाचा खटला चालला. पॅरिसच्या तुरुंगात तो सुमारे दहा महिने होता. ‘द एज ऑफ रीझन’ लिहून त्यानं धर्मसत्तेला आव्हान दिलं, तेव्हा ज्या अमेरिकेसाठी तो झिजला त्या अमेरिकेनंही त्याच्याकडं पाठ फिरवली. १८०९ मध्ये तो गेला तेव्हा अंत्ययात्रेला बोटावर मोजण्याइतकी माणसं होती.

या पेनला महाराष्ट्रात वाचक मिळाला तो १८४७ मध्ये, पुण्यात. वीस वर्षांचा एक माळ्याचा मुलगा. बापानं मध्येच शाळा सोडवून त्याला शेतात घातलं होतं. शेजारच्या गफार बेग मुन्शी आणि लेजिट साहेब या दोघांनी बापाची समजूत घातली म्हणून तो परत शाळेत गेला. सदाशिव बल्लाळ गोवंडे हा त्याचा जिवलग मित्र. ब्राह्मणाचा मुलगा आणि माळ्याचा मुलगा यांनी शेजारी बसून ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचावं, ही गोष्ट त्या काळच्या पुण्यात पुस्तकातल्या कुठल्याही वाक्याइतकीच धाडसाची होती. या मुलाचं नाव जोतीराव फुले. जोतिबाच्या यात्रेच्या दिवसांत जन्मला म्हणून घरच्यांनी हे नाव ठेवलं, असं सांगतात. जन्मतारीख ११ एप्रिल १८२७, म्हणजे ऐन चैत्रातली.

वाडी रत्नागिरीच्या देवाचं नाव घेऊन जन्मभर वावरलेल्या या माणसानं मूर्तिपूजा मानली नाही. ते आज यात्रेत आले असते तर गुलालात न्हाले नसते, हे आम्हा डोंगराच्या भक्तांना मान्य करायलाच हवं. गुलालावर किती पैसा उधळला आणि त्यात किती पोरांची शाळा झाली असती, याचा हिशेब त्यांनी पायरीवर बसून मांडला असता. तरी त्यांनी जोतिबाला टाकून दिलं नाही. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त धोंडिबाच्या प्रश्नांना उत्तरं देताना ते बळीराजाच्या राज्याचं चित्र उभं करतात, आणि त्या राज्याच्या कारभाऱ्यांत जोतिबा येतो, खंडोबा येतो, म्हसोबा येतो. म्हसोबा म्हणजे महासुभा, खंडोबा म्हणजे एका खंडाचा अधिकारी, अशी ती व्युत्पत्ती. भाषाशास्त्रज्ञ ती मानणार नाहीत, आणि इतिहास म्हणून ती कसोटीला उतरत नाही, हे मी कबूल करतो. पण त्यामागचं धाडस बघा. कुणबी-माळी-धनगर ज्या देवांना पिढ्यान् पिढ्या भितात, नवस फेडतात, कोंबडं देतात, ते देव पूर्वी तुमचेच न्यायी अधिकारी होते, असं ते सांगतात. म्हणजे देवासमोर उभं राहायचं ते भिऊन नव्हे, हक्कानं.

पेन आणि फुले या दोघांनाही नास्तिक म्हणून झोडपलं गेलं आणि दोघेही नास्तिक नव्हते. पेनचा ईश्वर सृष्टीच्या पुस्तकात दिसायचा. फुल्यांनी त्याला निर्मिक म्हटलं. सुतार, कुंभार, लोहार यांच्या घरात शोभेल असा हा शब्द आहे. घडवणारा. दोघांचा राग होता तो निर्मिक आणि माणूस यांच्या मध्ये उभं राहून जकात वसूल करणाऱ्यावर. बुद्धी निर्मिकानं सगळ्यांना दिली असेल तर ती वापरण्याला पाप कसं म्हणायचं? आणि सगळी माणसं त्याचीच असतील तर एकानं दुसऱ्याच्या पायावर उभं राहायचं कसं? तर्क आणि नीती त्यांच्याकडं वेगळ्या कपाटांत ठेवलेल्या नाहीत. ‘हे मला कुणी सांगितलं?’ हा प्रश्न आणि ‘यानं कुणाला दुखतं?’ हा प्रश्न त्यांच्यासाठी एकच होता.

जुलै १८८८ मध्ये अर्धांगवायूनं फुल्यांची उजवी बाजू गेली. तेव्हा डाव्या हातानं त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून काढलं. ते २८ नोव्हेंबर १८९० ला गेले आणि पुस्तक १८९१ मध्ये छापून आलं. त्या पुस्तकातलं एक घर मला फार जवळचं वाटतं. त्या घरातली बाई बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून त्या वाटेनं जाते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सत्यधर्मी होतो, आणि चौघंही एकमेकांचा हेवा न करता प्रेमानं एका छपराखाली नांदतात. लुळ्या पडलेल्या माणसानं डाव्या हातानं असं घर बांधलं, याला दीडशे वर्षंसुद्धा झालेली नाहीत. आज आपल्या कॉलनीत, आपल्या अपार्टमेंटमध्ये असं एक बिऱ्हाड राहायला आलं तर जिन्यात काय कुजबुज होईल, ते प्रत्येकानं आपल्याशी तपासावं.

समतेच्या या विचाराला कोल्हापुरानं कायद्याचं रूप दिलं. इथले राजे शाहू महाराज यांचा, मागासलेल्यांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखणारा २६ जुलै १९०२ चा हुकूम सगळ्यांना ठाऊक आहे. १९११ मध्ये इथं फुल्यांचा सत्यशोधक समाज उभा राहिला. पण राजर्षी शाहूंची मला सगळ्यांत मोठी वाटणारी गोष्ट चहाच्या कपाएवढी आहे. गंगाराम कांबळे नावाच्या माणसाला अस्पृश्य म्हणून पाण्याच्या हौदाला हात लावल्याबद्दल मारहाण झाली होती. महाराजांनी त्यांना स्वतःचं काही काढायला सांगितलं, त्यांनी भरवस्तीत चहाचं दुकान थाटलं. गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः तिथं जाऊन चहा प्यायला लागले, बरोबरच्यांनाही पाजू लागले. समतेवर भाषण करणं सोपं असतं. रस्त्यात, चारचौघांसमोर, तो कप ओठाला लावणं अवघड. त्या घोटात पेनही होता आणि फुलेही होते.

शिक्षणाच्या बाबतीत तर हा धागा सरळ हातात धरता येतो. ‘राइट्स ऑफ मॅन’च्या दुसऱ्या भागात पेननं हिशेब मांडला होता : गरीब घरातल्या चौदा वर्षांखालच्या दर मुलामागं सरकारनं वर्षाला चार पौंड द्यावेत, आणि आईबापांनी मुलाला शाळेत घालावं. म्हातारपणी मदत मिळावी, तीही भीक म्हणून नव्हे तर हक्क म्हणून, हेही त्यानं तिथंच लिहिलं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं फुल्यांनी मागणी केली की किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शेतकऱ्याच्या पैशावर वरच्यांची कॉलेजं चालतात आणि त्याचं पोर ढोरांमागं फिरतं, ही त्यांची तक्रार होती. १९१७ मध्ये शाहूंनी कोल्हापूर संस्थानात ते शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. लंडनच्या छापखान्यातून निघालेला विचार पुण्याच्या पेठेतून फिरून पंचगंगेच्या काठी दंडाची पावती होऊन उतरला, त्याला सव्वाशे वर्षं लागली.

हे सगळं दिवाळीत का सांगायचं? कारण परवा पाडवा आहे, बळिप्रतिपदा. अंगणात शेणाचे पांडव मांडले जातील, त्यांच्यावर झेंडूची फुलं खोचली जातील, आणि ओवाळताना आयाबाया म्हणतील, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. ज्याला पुराणानं पाताळात घातलं त्याचं राज्य परत यावं म्हणून घराघरांतल्या बायका दर वर्षी न चुकता मागणं मागतात. फुल्यांनी हे शब्द फार गांभीर्यानं ऐकले. माझी आजी ते म्हणायची तेव्हा तिच्या आवाजात सणाचा लाडिकपणा नसायचा. वसुलीला आलेल्या माणसासारखी ती म्हणायची.

आता डोंगरावरून खाली पाहा. कुशिरे, पोहाळे, गिरोली. पोहाळ्याला डोंगराच्या अंगातच बौद्ध लेणी कोरलेली आहेत, म्हणजे विचार करणारी माणसं या उतारावर राणोजी शिंद्यांच्या कितीतरी आधी येऊन राहिली होती. त्यापलीकडं नजर जाईल तिथवर ऊस. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि मराठवाड्यातून कोयते येतात. आपल्याकडं माणसांना कोयता म्हणतात, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर घेऊन ते आलेले असतात, आणि ती फिटेपर्यंत हातातला कोयता सुटत नाही. बांधाकडेला पाचटाच्या खोपी पडतात. पहाटे तीन-चारला फड सुरू होतो, आणि खोपीपाशी राहतात ती पोरं.

गेल्या वर्षी पाडव्याच्या संध्याकाळी डोंगरावरून उतरताना मी अशा एका तळावर थांबलो. चुली पेटल्या होत्या, बैलांपुढं उसाची वाढी टाकली होती. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन उभी होती. तिच्या खोपीसमोर मातीचा एक दिवा होता, तेल संपत आलेलं, आणि वाऱ्यानं विझू नये म्हणून तिनं त्याला पत्र्याचा आडोसा केला होता. मी माझ्या पिशवीतला प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा तिला दिला. तिनं अर्धा भावाला दिला, अर्धा फ्रॉकच्या खिशात ठेवला. मी विचारलं, कितवीत आहेस?

“तिकडं चौथीत हाय,” ती म्हणाली. “हितं कशातच न्हाई.”

आणि ती दिव्याचा पत्रा नीट करायला खाली वाकली.