दुवा विकत मिळत नाही

भगिनींनो, घरच्या घरी मसाले, पापड, कुरडया नाहीतर दिवाळीचा फराळ करून चार पैसे जोडणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणींनी आता स्वतःची वेबसाइट काढली आहे. कुणाला मुलानं करून दिली, कुणाला भाच्यानं. कौतुकाचीच गोष्ट! पण साइट सुरू झाली की थोड्याच दिवसांत फोन येऊ लागतात. "ताई, तुमचं नाव गूगलवर दिसतच नाही हो. पाच हजार द्या, हजार लिंका लावतो, पहिल्या पानावर आणून ठेवतो." पाच हजार म्हणजे काही थोडे नव्हेत. मसाल्याची किती पाकिटं विकावीत तेव्हा तेवढे हातात उरतात, ते करणारीलाच ठाऊक! तेव्हा पैसे काढण्यापूर्वी ही लिंक म्हणजे काय आणि चांगली-वाईट कशी ओळखायची, ते आज पाहू या.

लिंक म्हणजे दुवा. एका साइटवरून बोट लावलं की दुसरीवर नेणारा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोघे विद्यार्थी शिकत होते. १९९८ साली त्यांनी आपली रीत निबंधातून मांडली. विद्वान लोक आपल्या लेखात दुसऱ्याच्या लेखाचा हवाला देतात, आणि ज्याचे हवाले जास्त, तो लेख वजनदार समजतात. तोच न्याय त्यांनी वेबसाइटला लावला. कुणी तुमच्या पानाचा दुवा दिला म्हणजे त्यानं तुमची शिफारसच केली! याच रीतीला 'पेजरँक' असं नाव पडलं आणि त्याच वर्षी गूगल कंपनी निघाली.

पण शिफारस कुणाची, हे नको का पाहायला? मुलीला स्थळ सांगून आलं की आपण चौकशी करतोच ना? दलाली घेणारा मध्यस्थ "मुलगा म्हणजे अगदी हिरा" असं दहादा म्हणाला तरी आपण मनावर घेत नाही. पण सहसा कुणाला चांगलं न म्हणणाऱ्या आत्याबाई "घर बरं आहे हो" एवढंच म्हणाल्या, तर त्या एका वाक्यावर आपण पत्रिका काढतो. गूगलचंही तसंच आहे.

पहिली गोष्ट, शिफारस करणाऱ्याची स्वतःची पत. ज्या पानाला चांगल्या ठिकाणचे दुवे आहेत, त्याच्या शब्दाला वजन.

दुसरी गोष्ट, तो किती जणांची शिफारस करतो. मूळ रीतीत पानाचं वजन त्यावरच्या सगळ्या दुव्यांत वाटलं जाई. ढोबळ हिशेब असा, की शंभराचं वजन आणि चार दुवे, तर प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस. दुवे हजार असतील, तर वाट्याला चिमूटसुद्धा नाही. नुसत्या लिंकांनीच भरलेली पानं का कुचकामी, ते इथंच कळतं.

तिसरी गोष्ट, संबंध. स्वयंपाकाच्या पानावरून तुमच्या गोड्या मसाल्याचा दुवा आला तर तो शोभतो. परदेशातल्या जुगाराच्या पानावर तुमचा मसाला कशाला?

आता एक खरी घडलेली गोष्ट. जे. सी. पेनी हे अमेरिकेतलं मोठं दुकान. २०१० सालच्या नाताळाच्या हंगामात कपडे म्हणा, चादरी म्हणा, सतरंज्या म्हणा, काहीही शोधलं की गूगलवर त्यांचंच नाव वर. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स या वर्तमानपत्रानं यामागचं बिंग फोडलं. काहीएक संबंध नसलेल्या शेकडो साइटींवर त्यांचे दुवे पेरलेले होते. गूगलनं कारवाई केली आणि एका जातीच्या प्रवासी बॅगांसाठी पहिल्या क्रमांकावर असलेलं हे दुकान दोन तासांत एकाहत्तराव्यावर गेलं. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं, असं कंपनीनं सांगितलं आणि हे काम पाहणाऱ्या सल्लागारांना काढून टाकलं. पण नाव गेलं ते दुकानाचंच! एवढ्या मोठ्या दुकानाची ही गत, तर आपल्या चार खणांच्या उद्योगाचं काय?

पुढं एप्रिल २०१२ मध्ये गूगलनं 'पेंग्विन' नावाची चाळणीच लावली. तिनं अशा बनावट दुव्यांच्या साइटी धडाधड खाली आल्या. सप्टेंबर २०१६ पासून ती चाळणी कायमची चालू आहे. असले दुवे ती बहुतेक वेळा नुसते मोजतच नाही. म्हणजे तुमचे पाच हजार पाण्यात! आणि प्रकरण जास्तच असेल, तर गूगलची माणसं स्वतः तपासून साइट खाली ओढतात, ते वेगळंच.

मग करावं काय? फोनवाल्याला तीन प्रश्न विचारावेत. लिंका कुठल्या साइटींवर लावणार, त्या आधी दाखवा. तिथला वाचक माझा माल घेणारा आहे का? आणि पहिल्या क्रमांकाची हमी कशावर देता? पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतः सांगतं. उत्तर गुळमुळीत आलं, तर सरळ फोन ठेवावा.

जाहिरात करायचीच असेल तर खुशाल करा. पण त्या दुव्यावर 'स्पॉन्सर्ड' ही खूण हवी, म्हणजे ती शिफारस म्हणून मोजली जात नाही आणि नियमही मोडत नाही.

खरे दुवे मिळवायला मात्र थोडा धीर धरावा लागतो. साइटवर नुसते भाव लिहू नका. काळा मसाला आणि गोडा मसाला यांत फरक काय, कुरडयांचा चीक किती दिवसांनी काढायचा, पावसाळ्यात मसाल्याला जाळी का लागते, हे आपल्या हातच्या अनुभवानं लिहा. उपयोगाचं असेल ते लोक आपणहून दुसऱ्याला दाखवतात. ज्या महिला मंडळाच्या प्रदर्शनात तुम्ही टेबल मांडता, ज्या दुकानात माल ठेवता, त्यांच्या साइटवर आपलं नाव घालायला सांगा. गूगलवर आपल्या व्यवसायाची नोंद फुकट होते, तीही करून टाका. फळ दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, हे मनाशी धरून चला.

आणि एखादीनं आधीच लिंका विकत घेतल्या असतील, तर घाबरून जाऊ नये. गूगलचं 'सर्च कन्सोल' हे साधन फुकट आहे. आपल्याकडे कुठून दुवे आले, कारवाई झाली आहे का, सगळं तिथं दिसतं. कारवाई नसेल तर उगीच खोडाखोड करू नये. झालीच असेल, तर लावणाऱ्याकडून लिंका काढून घ्याव्यात. निघत नाहीत त्या नाकारल्याचं गूगलला कळवावं आणि फेरतपासणीचा अर्ज करावा.

आपल्या भाषेत दुवा म्हणजे सांधणारा धागा, आणि दुवा म्हणजे आशीर्वादही. ज्या गिऱ्हाइकाच्या ताटात तुमची भाजी चवीला उतरली, तीच शेजारणीला तुमचं नाव सांगेल. पाच हजार हातात आहेतच, तर चांगल्या ब्याडगी मिरचीला घाला!